मदतीचा चेक येतोय म्हणून अजून ३०० एकर भाड्याने घ्यायची का?

या वेळचं पत्र अमेरिकेतल्या आयोवातून आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई नमस्कार. माझं सासर इथे आयोवात. मिस्टर आणि सासरे मिळून १२०० एकर करतात, निम्मा मका, निम्मं सोयाबीन, आणि त्यातली अर्धी जमीन भाड्याची आहे. मी शहरात नोकरी करते, घरचा हिशोब माझ्याकडे. गेलं वर्ष फार वाईट गेलं. चीनने सोयाबीन घेणं बंद केलं, आमच्या एलिव्हेटरवर (धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या कोठारावर) भाव पडला, खतं मात्र महागच राहिली. आता सरकारची मदत येणार आहे. शेजारचे एक आजोबा शेती सोडतायत, त्यांची ३०० एकर तीन वर्षांच्या करारावर एकरी २६० डॉलरने मिळतेय. मिस्टर म्हणतात चेक येतोच आहे, घेऊन टाकू, पुढे परत काही झालं तर सरकार परत देईलच. सासरे म्हणतात सगळे पैसे बँकेत भरायचे, विषय संपला. रोज जेवताना वाद. माहेरी बाबांना फोन केला तर ते म्हणतात, तुम्हाला सरकार घरबसल्या पैसे देतं मग रडता कशाला? कोणाचं बरोबर आहे?"

ताई, उत्तर आधी देते मग कारणं सांगते. या चेकच्या भरवशावर ती ३०० एकर घेऊ नका. जमीन चांगली असेल, आणि चेक बाजूला ठेवून हिशोब बसत असेल, तर वेगळी गोष्ट, पण तो हिशोब आधी कागदावर आला पाहिजे आणि तो तुम्हीच करू शकता, कारण वह्या तुमच्याकडे आहेत.

पहिलं चेकचं बघू. डिसेंबर २०२५ मध्ये १२०० कोटी डॉलरची मदत जाहीर झाली, त्यातले ११०० कोटी मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात अशा पिकांसाठी. दर आलेत ते असे: मक्याला एकरी ४४.३६ डॉलर, सोयाबीनला ३०.८८. तुमचे ६०० आणि ६०० धरले तर मक्याचे २६,६१६ आणि सोयाबीनचे १८,५२८, मिळून ४५,१४४ डॉलर. आकडा मोठा वाटतो, बाबांना तर फारच मोठा वाटेल, पण १२०० एकरांना भागा की एकरी ३७-३८ डॉलर राहतात. आणि हे उत्पन्न धरलं जातं, त्यावर टॅक्स लागतो, म्हणजे पूर्ण ४५ हजार हातात नाहीतच.

आता सोयाबीनचे ३०.८८ म्हणजे नक्की किती ते बघा. एकरी ६० बुशेल उतारा धरला (बुशेल म्हणजे सोयाबीनचे २७ किलोच्या जरा वर), तर ही मदत बुशेलमागे जेमतेम ५१ सेंट पडते. तुमच्या एलिव्हेटरवर गेल्या हंगामात बुशेलमागे जर एक डॉलर कमी मिळाला असेल तर एकरी ६० डॉलर गेले आणि ३१ परत आले. तुमच्या पावत्या काढून खरा फरक किती ते बघा, तो कमी जास्त असेल, पण तो आकडा जेवणाच्या टेबलावर ठेवल्याशिवाय बाकीचं बोलणं नुसतंच गरम होत राहणार. बाबांना पण हेच सांगा, की घरबसल्या पैसे मिळालेले नाहीत, जेवढा खड्डा पडला त्याचा एक भाग भरून मिळतोय आणि तो खड्डा तुम्ही खणलेला नव्हता.

हे शेवटचं मला जरा ठासून सांगायचंय कारण पत्राच्या सुरात तुम्हाला कुठेतरी लाज वाटतेय असं जाणवलं. टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावायचं ठरलं वॉशिंग्टनमध्ये, उलट टॅरिफ लावायचं ठरलं बीजिंगमध्ये, आणि दोघांच्या मधे सापडलं ते सोयाबीन, कारण चीनला अमेरिकेला दुखवायचं असेल तर सगळ्यात सोपी जागा तीच आहे. सोयाबीन कुणाचंही सारखंच असतं, अमेरिकेचं नाही घेतलं तर ब्राझीलचं घेता येतं, आणि इथले शेतकरी ज्या राज्यांत राहतात तिथल्या मतांना वजन आहे हे चीनला पक्कं माहीत आहे. त्यामुळे मदत घ्यायला लाजू नका. फक्त ती कशाची भरपाई आहे हे विसरू नका.

आता मिस्टरांचं म्हणणं, सरकार परत देईलच. हे अगदीच हवेत नाही, त्यांनी तसं घडताना बघितलंय. ६ जुलै २०१८ ला अमेरिकेचे टॅरिफ लागू झाले, त्याच दिवशी चीनने सोयाबीनवर २५ टक्के लावले. वायदे बाजारात सोयाबीन मे अखेरीला बुशेलला १० डॉलरच्या वर होतं ते जुलैच्या मध्यापर्यंत साडेआठच्या आसपास आलं. २०१७ मध्ये चीनला साधारण १२०० कोटी डॉलरचं सोयाबीन गेलं होतं, २०१८ मध्ये ३०० कोटींच्या जरा वर. मग मदत आली, २०१९ मध्ये परत आली, दोन्ही मिळून २३०० कोटी डॉलरच्या आसपास वाटले गेले. तेव्हा आताची धरून तीन वेळा झालं म्हणजे चौथ्यांदा होईल असं त्यांना वाटणं साहजिक आहे.

पण त्या तीन वेळा पैसे कसे मिळाले ते बघा. २०१८ ला सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट, म्हणजे ६० बुशेलवाल्याला एकरी ९९ डॉलर, आणि मक्याला बुशेलमागे एक सेंट! एकरी १८० बुशेल मका काढला तर १ डॉलर ८० सेंट. बांधाला बांध लागून दोन शेतं, एकाला ९९ आणि दुसऱ्याला पावणेदोन, आणि दोघांचा भाव पडलेला. २०१९ ला पद्धतच बदलली, पीक कुठलं ते बघायचं नाही, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा, एकच दर, कुठे एकरी १५ डॉलर तर कुठे १५०, नदीपलीकडच्या काउंटीत वेगळा. त्या वर्षी वसंतात पाऊस थांबत नव्हता, पेरण्या अडकल्या होत्या, आणि मे महिन्यात मदत जाहीर झाली ती पेरलेल्या एकरांवर, त्यामुळे चिखलात का होईना पेरायचं की विम्याचे पैसे घेऊन गप्प बसायचं या विचाराने लोक हैराण झाले होते. आणि आता २०२५ ला तिसरीच पद्धत, आणि सोयाबीनला २०१८ च्या एक तृतीयांशाहून कमी. कधी येणार, कशावर येणार, किती येणार, कुठलीच गोष्ट आधी कळत नाही. जाहीर होतं तेव्हा पीक बहुतेक वेळा शेतात असतं नाहीतर काढून झालेलं असतं.

भाडं मात्र ठरलेल्या तारखेलाच जातं. ३०० एकर गुणिले २६० म्हणजे वर्षाला ७८,०००, तीन वर्षांचे २,३४,०००. आणि एक गोष्ट मिस्टरांच्या बहुतेक लक्षात आली नसेल: ही मदत २०२५ मध्ये पेरलेल्या एकरांवर आहे. आजोबांच्या ३०० एकरांवर जे काही मिळायचं ते आजोबांना मिळणार, कारण गेल्या वर्षी पेरलं त्यांनी. तुमच्याकडे ती जमीन नुसतं भाडं, बी, खत, डिझेल घेऊन येणार. टॅक्स धरलाच नाही तरी ४५ हजारात पहिल्या वर्षाचं भाडंसुद्धा निघत नाही.

आता मला या सगळ्यात जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकते ती. सोयाबीनचा भाव पडलाय, मका पण स्वस्त आहे, मग भाडं २६० ला का टिकून आहे, खाली का येत नाही? कारण तुमच्यासारखाच चेक काउंटीतल्या प्रत्येकाला येतोय आणि हे जमीनमालकाला माहीत आहे, खतवाल्याला माहीत आहे, मशीनवाल्याला पण माहीत आहे. तुम्ही नाही घेतली तर दुसरा कोणीतरी चेक दाखवून घेईल, म्हणून मालक दर सोडत नाही. म्हणजे मदत शेतकऱ्याच्या नावाने निघते, त्याच्या खात्यावर चार दिवस बसते आणि भाड्याच्या, खताच्या, हप्त्याच्या रूपाने पुढे सरकते. मदत वाईट असं मी म्हणत नाहीये, नसती आली तर कितीतरी घरं या हिवाळ्यात बँकेसमोर उभी राहू शकली नसती. पण जो खर्च भाव पडल्यावर खाली यायला हवा होता तो या पैशामुळे वरच अडकून राहतो, आणि याचा सगळ्यात जास्त त्रास स्वतःची जमीन नसलेल्या तरुण शेतकऱ्याला होतो. एकरी पैसे म्हटल्यावर ज्याच्याकडे जास्त एकर त्याला जास्त, माणशी १,५५,००० ची मर्यादा आहे पण तुमच्याएवढ्या शेताला ती लागतच नाही, लागते ती फार मोठ्यांना.

आणि दुसऱ्या बाजूने खर्च पण त्याच टॅरिफने वाढलाय हे विसरू नका. पोटॅश अमेरिकेत बहुतांश कॅनडातून येतं, त्यातलं उत्तर अमेरिकेच्या व्यापार कराराच्या नियमांत बसणारं सुटलं, न बसणाऱ्यावर मार्च २०२५ मध्ये १० टक्के लागले. पुढे नोव्हेंबरमध्ये बऱ्याच खतांना सूट मिळाली पण ज्यांनी शरद ऋतूतच खत टाकलं त्यांचे पैसे तोवर जाऊन झाले होते. पोलाद, ॲल्युमिनियमवर जून २०२५ मध्ये ५० टक्के झाले, म्हणजे ग्रेन बिन (धान्याची कोठी) घ्या नाहीतर कंबाइनचे (कापणी-मळणी यंत्राचे) पार्ट घ्या, सगळं चढलेलं.

तुम्ही विचारलं नाहीये पण पत्राच्या मागे जो प्रश्न आहे त्याच्यावर थोडं बोलते, की चीन परत आला की भाव पूर्वीसारखा होणार का. ३० ऑक्टोबर २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी भेटले, त्यानंतर असं सांगितलं गेलं की चीन २०२५ संपायच्या आत १२० लाख टन घेईल आणि २०२६, २७, २८ अशी तीन वर्षं दरवर्षी २५० लाख टन. ऐकायला छान आहे, पण हे सगळं अगदी पाळलं तरी भांडण सुरू व्हायच्या आधी जेवढं जात होतं साधारण तिथेच आपण परत येतो, वर काही नाही. आणि याआधीचा अनुभव बघा, जानेवारी २०२० च्या करारात पण मोठमोठे आकडे होते, ते पूर्ण झाले नाहीत.

मधल्या काळात ब्राझील थांबून राहिला नाही. २०१८ नंतर चीनला खात्रीचा दुसरा दुकानदार हवा होता, ब्राझीलला खात्रीचं गिऱ्हाईक हवं होतं. मातो ग्रोसो राज्याकडे जमिनी लागवडीखाली आल्या, उत्तरेकडची बंदरं वाढली, सांतोस बंदरात चीनच्या कोफ्को कंपनीने स्वतःचं मोठं टर्मिनल उभं केलं. १२ कोटी टनांच्या आसपास पिकवणारा देश आज १७ कोटींच्या आसपास गेलाय. पूर्वी सप्टेंबर ते जानेवारी हा काळ अमेरिकेचा असायचा, कारण ब्राझीलचा माल तोवर संपलेला असायचा, पण सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने अमेरिकेतून सोयाबीनचा एक दाणा आयात केला नाही. त्याच महिन्यात अर्जेंटिनाने थोडे दिवस निर्यात कर काढला आणि चीनने तिथून भराभर जहाजं बुक केली. बंदर, रेल्वे, टर्मिनल एकदा बांधलं की टॅरिफ काढल्यावर ते कोणी पाडत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. जून १९७३ मध्ये निक्सन सरकारने देशात भाव चढले म्हणून सोयाबीनची निर्यात रोखली, ती बंदी थोडेच दिवस टिकली, पण जपान घाबरला आणि ब्राझीलच्या सेराडो नावाच्या गवताळ पट्ट्यात शेती उभी करायला पैसा आणि तंत्रज्ञान घेऊन गेला. आज जे ब्राझील समोर उभं आहे त्याच्या मुळांपैकी एक मूळ तिथे आहे. चेकने शेतकऱ्याचं एक वर्ष निघतं, गेलेलं गिऱ्हाईक मात्र त्याने परत येत नाही, आणि तुमच्या घरातल्या वादात हीच गोष्ट कोणी बोलत नाहीये असं मला वाटतं. मिस्टर असं धरून चालतायत की मधे एक वाईट वर्ष आलं, ते निघालं की सगळं पूर्वीसारखं. मी असं धरेन की चीनची मागणी आता कमी भरवशाची आहे आणि तीन वर्षांचा कुठलाही करार तेवढं धरूनच करायचा. आयोवाची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे हे पण सांगते, तुमच्याकडे तेल काढणारे क्रशिंग प्लांट आहेत, बायोडिझेलमुळे सोयातेलाला मागणी आहे, मिसिसिपी जवळ आहे. नॉर्थ डकोटावाल्यांचा माल रेल्वेने थेट पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांवर जायचा आणि तिथून चीनला, तो रस्ता बंद झाला तेव्हा त्यांच्या एलिव्हेटरवर वायद्याच्या खाली किती कापून भाव देतात, म्हणजे ज्याला तुम्ही बेसिस म्हणता, तो पार खाली गेला. तुमच्या एलिव्हेटरचा पाच वर्षांचा बेसिस काढून ठेवा, पुढच्या हिशोबात वायद्याचा भाव नाही, तो वजा करून उरलेला भाव धरायचा.

सासऱ्यांबद्दल. मिस्टरांना वाटत असेल आपले वडील घाबरट आहेत. ताई, त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण साठीच्या पुढचे असतील तर त्यांनी आयोवात ऐंशीचं दशक बघितलंय. जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत रशियाला जादा धान्य विकायचं बंद केलं, वर व्याजदर २० टक्क्यांच्या पुढे गेले, आणि आयोवात १९८१ ला एकरी सरासरी २,१४७ डॉलर असलेली जमीन १९८६ ला ७८७ वर आली. ज्यांनी चढत्या भावात कर्ज काढून जमीन वाढवली होती त्यांचे लिलाव झाले. शाळेतल्या मित्राच्या घराचा लिलाव बघितलेला माणूस चेक आला की बँकेकडेच बघतो, त्यात चूक काहीच नाही. फक्त सगळेच्या सगळे पैसे बँकेत भरावेत हे मला पटत नाही, ते का तेही सांगते.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. आधी टॅक्ससाठी एक हिस्सा बाजूला, तुमच्या टॅक्सवाल्याला विचारून, कारण ते पैसे टॅक्स भरायच्या वेळी लागतातच आणि तेव्हा नसतात. मग गेल्या वर्षीच्या ऑपरेटिंग लोनमधलं (हंगामाच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जातलं) जे फेडायचं राहिलंय, जे बँक आता पुढच्या वर्षात ओढणार आहे, ते आधी फेडायचं, इथे सासऱ्यांचं शंभर टक्के बरोबर. पण काहीतरी हातात रोख ठेवा. जमिनीच्या लांबच्या कर्जात मुद्दल म्हणून भरून टाकलं की ते पैसे परत मिळत नाहीत, आणि जूनमध्ये खताला किंवा दुरुस्तीला हात पसरावा लागतो, तेव्हा व्याज जास्त पडतं. अजून एक, कृषी खात्याने २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंत पैसे मिळतील असं सांगितलंय, खात्यावर पडेपर्यंत एकही सही करायची नाही, ट्रॅक्टरच्या डीलरकडे तर नाहीच.

ऑक्टोबर २०२६ मध्ये अजून एक रक्कम येऊ शकते, ती मदत या खात्यातली नाही, नेहमीच्या शेती कायद्यातली. जुलै २०२५ च्या कायद्याने सोयाबीनचा आधारभाव ८.४० वरून १० डॉलर केला आणि मक्याचा ३.७० वरून ४.१०, २०२५ च्या पिकाचे त्यातले पैसे ऑक्टोबरमध्येच निघतात, म्हणून तर आताच्या चेकला ब्रिज म्हणजे पूल असं नाव दिलंय. पण ते तुमच्या बेस एकरांवर (सरकारी नोंदीत पूर्वीच्या पेरणीवरून ठरलेल्या एकरांवर) आणि वर्षाच्या सरासरी भावावर ठरतं, त्यामुळे त्याला पण आज धरून चालायचं नाही, आलं तर आलं.

आता ३०० एकरांचा हिशोब. एक कागद घ्या, त्यावर मदत शून्य लिहा. येत्या नोव्हेंबरचा सोयाबीनचा आणि डिसेंबरचा मक्याचा वायदा, त्यातून तुमचा बेसिस वजा, गुणिले तुमचा पाच वर्षांचा सरासरी उतारा, चांगल्या वर्षाचा नाही. त्यातून भाडं, बी, खत, औषध, विमा, डिझेल, ऑपरेटिंग लोनचं व्याज. उरतंय का? नसेल उरत तर मिस्टरांशी वाद घालायचीच गरज नाही, कागद पुढे सरकवा. हे १५ मार्चच्या आत करा कारण पीक विम्याची मुदत तेव्हा संपते, आणि विम्याचा भाव फेब्रुवारीतल्या वायद्याच्या सरासरीवर ठरतो, म्हणजे तो आकडा तोवर तुमच्यासमोर असेल. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनवाल्यांकडे, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या विभागाकडे, हे तक्ते तयार मिळतात, त्यांच्या माणसाला घरी बोलवा, त्याचं म्हणणं दोघेही ऐकतील, घरच्या सुनेचं ऐकायला कधी कधी वेळ लागतो. आणि सासऱ्यांची झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, तर त्याच एक्स्टेन्शनची आयोवा कन्सर्न नावाची हेल्पलाइन आहे, शेतीच्या ताणासाठीच, तिथे बोलायला लाजायचं काही कारण नाही.

कागदावर थोडंफार उरत असेल आणि आजोबांशी संबंध चांगले असतील तर त्यांना ठरलेल्या २६० ऐवजी फ्लेक्स भाड्याचं विचारा, म्हणजे कमी दर पक्का, उदाहरणार्थ २०० किंवा २१०, आणि भाव किंवा उतारा चांगला आला तर वरून वाटा. तीनऐवजी एक वर्षाचा करार मिळाला तर अजून चांगलं. आणि अशा करारात एक ओळ स्पष्ट लिहून घ्या, की वाटा काढताना सरकारी मदत उत्पन्नात धरायची की नाही, कारण २०१८-१९ सारखं परत काही आलं तर भांडण तिथेच होतं. आजोबा काय म्हणतात ते कळवा, कराराचा मसुदा हातात आला की ते कलम मला पाठवा, वाचून सांगते.